मेदाची शस्त्रक्रिया : अपेक्षा आणि अनुभव

शस्त्रवैद्यापुढे येऊन बसलेला रोगी बहुधा एकच प्रश्न प्रथम विचारतो, ‘मी बरा होईन ना?’ परंतु अतिस्थूलतेवर शस्त्रक्रिया करून घेण्यास आलेल्या रोग्याचा प्रश्न निराळा असतो. ‘माझे वजन किती उतरेल?’ असे तो विचारतो. प्रश्न दिसावयास साधा आहे. काट्यावर उभे राहिले की उत्तर मिळावे, इतका साधा. तथापि त्याचे खरे उत्तर हाती येण्यास वैद्यकशास्त्राला सुमारे अर्धशतक लागले, आणि तेवढ्या अवधीत कित्येक शस्त्रक्रिया उदयास आल्या, गाजल्या आणि मावळल्या. ते उत्तर कोणत्या मार्गाने हाती आले, हे समजून घेणे सामान्य माणसाच्याही उपयोगाचे आहे. कारण ज्याची अपेक्षा मुळात चुकली, त्याला पदरात पडलेले फळही हातचे गेल्यासारखे वाटते.

स्थौल्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘अष्टौनिन्दितीय’ नावाचा एक अध्याय आहे. त्यात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचा विचार करून, दोहोंपैकी कृशता पत्करली, असा अभिप्राय दिलेला आहे. कारण स्थूलाची चिकित्सा अधिक अवघड. स्थौल्य हट्टी आहे, हे ज्ञान असे प्राचीन आहे. शस्त्राने त्याला वश करता येईल, ही कल्पना मात्र अगदी अलीकडची, म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली होय.

इसवी सन १९५२ मध्ये स्वीडनमधील गॉथेनबर्गचे शस्त्रवैद्य व्हिक्टर हेन्रिक्सन यांनी, लहान आतड्याचा काही भाग काढून टाकणे हा स्थूलतेवरचा उपाय म्हणून समर्थनीय ठरेल काय, असा प्रश्न एका लेखात उपस्थित केला. ज्या स्त्रीवर त्यांनी हा प्रयोग केला, तिचे वजन मनाजोगे उतरले नाही. मात्र तिच्या अंगी पूर्वीपेक्षा हुशारी आली. ही नोंद तेव्हा कोणी फारशी मनावर घेतली नाही. दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील क्रेमेन, लिनर व नेल्सन यांनी कुत्र्यांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. लहान आतड्याचा खालचा अर्धा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला, तर स्निग्ध पदार्थांचे शोषण बिघडते आणि वजन उतरते, असे त्यांत आढळले. मग मनुष्याच्या बाबतीतही अन्नाची वाट आखूड करावी, म्हणजे खाल्लेले अंगी लागणारच नाही, हा विचार ओघानेच आला.

त्याप्रमाणे लॉस एंजेलिस येथील पेन, डी विंड आणि त्यांचे सहकारी यांनी एक धाडसी योजना अमलात आणली व तिचा वृत्तांत १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. लहान आतड्याचा आरंभीचा भाग त्यांनी थेट मोठ्या आतड्याला जोडला. वजन योग्य पातळीवर आले, की आतडे पुन्हा पूर्ववत जोडावयाचे, असा त्यांचा बेत होता. वजन झपाट्याने उतरले खरे, परंतु त्याबरोबर अनावर जुलाब सुरू झाले आणि शरीरातील क्षारांची अतोनात हानी झाली. आणखी एक गोष्ट अशी दिसली की, आतडे पूर्ववत जोडताच गेलेले वजन परत आले. मेद म्हणजे कोठारात साठलेला जुना माल, तो एकदा बाहेर काढला की काम संपले, ही समजूत येथे प्रथम खोटी ठरली.

पेन आणि डी विंड यांनी १९६९ मध्ये आपल्या योजनेत सुधारणा केली. आता मोठ्या आतड्याशी जोड न देता लहान आतड्याचे आरंभीचे १४ इंच आणि शेवटचे ४ इंच एवढेच काय ते अन्नाच्या वाटेत ठेवण्यात आले. ही शस्त्रक्रिया पुढील दशकात हजारो लोकांवर झाली. काट्यावर पाहावे तर तिच्यासारखा गुण दुसऱ्या कशानेही येत नव्हता. परंतु वर्षे लोटली तसतसे मूतखडे, सांधेदुखी आणि यकृताचा घात असे विकार डोके वर काढू लागले. कित्येकांची आतडी पुन्हा उघडून पूर्ववत करावी लागली, आणि १९८० नंतरच्या दशकात ही शस्त्रक्रिया मागे पडली. जास्तीत जास्त वजन उतरविणे हेच ध्येय मानले, तर रोगापेक्षा औषध जालीम ठरते, हा पहिला धडा असा मोठी किंमत देऊन मिळाला.

दुसरा मार्ग दाखविला तो आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी. त्या काळी जठरव्रणावर उपाय म्हणून जठराचा बराच भाग कापून काढीत असत. असे रोगी, विशेषतः स्त्रिया, पुढे अंगाने भरत नाहीत, हे मेसन यांच्या ध्यानी आले. जी गोष्ट व्रणाच्या रोग्यास अनिष्ट, तीच स्थूलास इष्ट का होऊ नये? १९६६ मध्ये चिकाशी इटो यांच्या साहाय्याने त्यांनी जठराचा वरचा लहानसा भाग अलग करून तो लहान आतड्यास जोडला. अन्न आता उरलेल्या जठरास वळसा घालून जाऊ लागले. म्हणूनच या शस्त्रक्रियेला ‘गॅस्ट्रिक बायपास’ हे नाव पडले. केंटकी विद्यापीठातील वॉर्ड ग्रिफेन यांनी १९७७ मध्ये तिला स्वित्झर्लंडमधील सेझार रू या जुन्या शस्त्रवैद्याच्या पद्धतीची जोड दिली. या पद्धतीत आतड्याची जुळणी इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराची होते. आजही बायपास म्हणून जी शस्त्रक्रिया केली जाते, ती मुख्यतः हीच.

मेसन स्वतः मात्र एवढ्यावर संतुष्ट नव्हते. आतड्यास हात न लावता केवळ जठर आवळून काम भागले तर शरीराची हानी कमी होईल, या विचाराने त्यांनी १९८० मध्ये जठरास टाके आणि पट्टी घालून त्याची वाट अरुंद करण्याची रीत काढली. वजन किती उतरले यापेक्षा रोगी दीर्घकाळ सुखरूप राहिला की नाही, याचा हिशेब ठेवला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. १९८३ मध्ये या विषयाच्या शस्त्रवैद्यांची अमेरिकेत जी संस्था निघाली, तिचे ते संस्थापक. शंभर वर्षांचे आयुष्य भोगून २०२० मध्ये ते निवर्तले.

हिशेबाचा प्रश्न निघाला, म्हणजे माप कोणते लावावयाचे, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन विमा कंपनीने १९४३ मध्ये व पुन्हा १९५९ मध्ये उंचीप्रमाणे इष्ट वजनांची कोष्टके प्रसिद्ध केली होती. शस्त्रवैद्यांनी ती उचलली आणि रोग्याचे वजन इष्ट वजनापेक्षा जितके अधिक, त्याला ‘अतिरिक्त वजन’ असे नाव दिले. या अतिरिक्त वजनापैकी निदान निम्मे उतरले की शस्त्रक्रिया यशस्वी, असा संकेत रूढ झाला. दुसरे माप बेल्जियन गणिती केटले यांच्या १८३२ मधील विचारातून आलेले. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावयाचे. येणाऱ्या संख्येस १९७२ मध्ये अॅन्सेल कीज यांनी जे नाव दिले, त्यावरून ती आता ‘बीएमआय’ म्हणून सर्वत्र ओळखली जाते.

या दोन मापांमुळे रोग्याची कशी गल्लत होते, हे पाहण्यासाठी श्रोत्यांनी एक लहानसा हिशेब मनात धरावा. एका स्त्रीची उंची १६० सेंटिमीटर आणि वजन १२० किलो आहे, असे समजा. तिचा बीएमआय जवळजवळ ४७ होतो. बीएमआय २५ व्हावा म्हणून तिचे वजन ६४ किलो असावयास हवे. म्हणजे ५६ किलो अतिरिक्त. शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी तिचे वजन ९० किलोवर स्थिरावले. मूळ वजनाच्या शेकडा २५, म्हणजे ३० किलो, उतरले. अतिरिक्त वजनाच्या मापाने हे शेकडा ५३ हून अधिक झाले. शस्त्रवैद्याच्या वहीत ‘यशस्वी’ अशी नोंद झाली. परंतु तिचा बीएमआय अजून ३५ आहे, आणि आरशात दिसणारी मूर्ती कोष्टकाच्या हिशेबाने अद्याप स्थूलच आहे. ‘शेकडा ५३’ हा आकडा ऐकून आपण अर्ध्याने उतरू, असे जर ती समजली असेल, तर ६० किलोची वाट पाहत तिने निराश व्हावे यात नवल ते काय? यासाठीच अलीकडे पुष्कळ तज्ज्ञ मूळ वजनाच्या शेकडेवारीने बोलणे पसंत करतात. ते माप कमी दिलासा देणारे असेल, पण रोग्याला त्याचा अर्थ सरळ कळतो.

आता मुख्य प्रश्न. शस्त्रक्रियेनंतर एका वर्षाने काय होते, हे सांगणारे पुष्कळ होते. पंधरा वर्षांनी काय होते, हे सांगावयास मात्र कोणी तरी पंधरा वर्षे थांबावयास हवे होते. हे धीराचे काम पुन्हा स्वीडननेच केले. गॉथेनबर्ग येथील लार्स स्योस्ट्रोम यांच्या नेतृत्वाखाली १९८७ मध्ये एक पाहणी सुरू झाली. शस्त्रक्रिया करून घेतलेले २०१० लोक एका बाजूस आणि त्यांच्याशी शक्य तितके मिळतेजुळते, परंतु शस्त्रक्रिया न केलेले २०३७ लोक दुसऱ्या बाजूस, अशी तिची मांडणी होती. वर्षानुवर्षे या सर्वांची वजने, विकार आणि मृत्यू नोंदले गेले.

या नोंदींतून जे चित्र निघाले ते असे. वजन झपाट्याने उतरून पहिल्या एक-दोन वर्षांत तळाला पोचते. बायपास झालेल्यांचे तेव्हा सरासरीने मूळ वजनाच्या शेकडा ३२, मेसन यांच्या पट्टीच्या रीतीने शेकडा २५ आणि जठराभोवती केवळ बँड बसविलेल्यांचे शेकडा २० उतरलेले असते. नंतर ते हळूहळू चढू लागते. दहा वर्षांच्या अखेरीस हे आकडे अनुक्रमे २५, १६ आणि १४ असे झाले. त्यापुढे पंधराव्या वर्षापर्यंत वजन जवळजवळ स्थिर राहिले. तेव्हाचे आकडे २७, १८ आणि १३ आहेत. शस्त्रक्रिया न केलेल्यांचे वजन या साऱ्या काळात सरासरीने शेकडा २ च्या आतबाहेर राहिले. अमेरिकेतील दहा रुग्णालयांच्या एका मोठ्या पाहणीतही हाच अनुभव आला. बायपासनंतर सात वर्षांनी सरासरी घट शेकडा २८ च्या थोडी वर होती, आणि तिसऱ्या ते सातव्या वर्षाच्या दरम्यान मूळ वजनाच्या सुमारे शेकडा ४ एवढे वजन परत आले होते.

वरच्या हिशेबातील स्त्रीचे वजन बायपासनंतर दीड वर्षात सुमारे ८२ किलो आणि दहा वर्षांनी सुमारे ९० किलो, असे साधारण अपेक्षिता येते. ही सरासरी आहे, हे विसरता कामा नये. कोणाचे वजन याहून बरेच उतरते, कोणाचे फारच थोडे. तथापि तळाला गेलेले वजन काहीसे वर येणे हा नियम आहे, अपवाद नव्हे. हे ज्याला आधी सांगितलेले नसते, तो तिसऱ्या वर्षी पाच-सहा किलो वाढलेले पाहून आपण नापास झालो असे समजतो आणि लाजेने वैद्याकडे जाणेच सोडतो. अपेक्षा चुकल्याचे खरे नुकसान येथे होते.

वजन परत का येते, याचा उलगडाही याच काळात होत गेला. १९९४ मध्ये न्यूयॉर्क येथे जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला. मेदाच्या पेशींतून ते निघते आणि शरीरात मेद किती शिल्लक आहे, याची वर्दी मेंदूस देते. मेद घटला की ही वर्दी मंदावते, आणि मेंदू दुष्काळ पडल्यासारखी भूक वाढवतो. १९९९ मध्ये कोजिमा व कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनी जठरातून निघणारे, भूक चेतविणारे ग्रेलिन हे संप्रेरक शोधून काढले. केवळ लंघनाने वजन उतरविलेल्या माणसात ग्रेलिन वाढते, परंतु बायपास झालेल्यांत ते फार कमी आढळते, असे २००२ मध्ये दिसून आले. तेव्हा जठर लहान झाल्याने पोट लवकर भरते, एवढेच शस्त्रक्रियेचे कार्य नाही. शरीरातील भुकेची आणि तृप्तीची घडीच ती बदलते. मात्र शरीरही आपला जुना भार राखण्याची धडपड अगदी सोडून देत नाही. परत येणाऱ्या वजनास केवळ जिभेचा लोभ म्हणणे, हा म्हणून अन्याय होय.

माणसाची अपेक्षा आणि शक्य फळ यांत किती अंतर असते, हे अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील फॉस्टर, वॅडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मोजून दाखविले. त्यांच्या रुग्ण शस्त्रक्रियेच्या नव्हत्या, आहार व शिस्त यांच्या उपचाराच्या होत्या. परंतु बोध तोच. साठ स्थूल स्त्रियांना, स्वप्नातले वजन कोणते, समाधानाचे कोणते, चालण्याजोगे कोणते आणि निराशा होईल असे कोणते, हे आरंभीच विचारण्यात आले. त्यांचे ध्येय सरासरीने शेकडा ३२ घटीचे होते. अठ्ठेचाळीस आठवड्यांच्या उपचाराने सरासरी १६ किलो वजन उतरले, आणि तरीही जवळजवळ निम्म्या स्त्रिया आपणच ठरविलेल्या ‘निराशेच्या’ वजनापर्यंतदेखील पोचल्या नाहीत. सोळा किलो उतरविणे ही काही सामान्य गोष्ट नव्हे. पण ‘पी हळद आणि हो गोरी’ अशी मनाची घाई असली, की मिळालेले सोने मातीमोल वाटते. त्यांनी जे शेकडा ३२ चे ध्येय धरले होते, ते बायपासनेही सरासरीने केवळ तळाच्या वेळी गाठले जाते, हे ध्यानात घ्यावे.

मग शस्त्रक्रियेचे खरे फळ कशात शोधावे? १९९५ मध्ये उत्तर कॅरोलायनातील ग्रीनव्हिल येथील वॉल्टर पोरीज यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहावर शस्त्रक्रियेइतका प्रभावी उपाय दुसरा नाही, असा अनपेक्षित निष्कर्ष त्यात मांडला होता. स्वीडनच्या पाहणीत दोन वर्षांनंतर मधुमेह्यांपैकी शेकडा ७२ जणांचा मधुमेह मागे हटला होता; दहा वर्षांनी हे प्रमाण शेकडा ३६ उरले. येथेही नियम तोच, की लाभ मोठा असतो, पण तो सर्वांना आणि सर्वकाळ पुरत नाही. २००७ मध्ये त्याच पाहणीने, शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण कमी असल्याचे दाखविले. २०२० मध्ये आयुर्मर्यादेचा हिशेब प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेले लोक न झालेल्यांपेक्षा सुमारे ३ वर्षे अधिक जगले. तथापि सर्वसाधारण जनतेच्या मानाने त्यांचे आयुष्य अजून सुमारे साडेपाच वर्षांनी कमीच होते. वाजवी अपेक्षा कशी असावी, याचे याहून प्रामाणिक उदाहरण सापडणे कठीण.

या लाभाची किंमतही सांगितली पाहिजे. स्वीडनच्या २०१० रुग्णांपैकी ५ जण शस्त्रक्रियेनंतरच्या ९० दिवसांत दगावले. बायपास झालेल्या माणसास लोह, कॅल्शियम आणि ब-१२ जीवनसत्त्व यांची जोड जन्मभर घ्यावी लागते व रक्ताची तपासणी चुकविता येत नाही. १९९३ पासून पोट न फाडता, दुर्बिणीच्या साहाय्याने बायपास करण्याची रीत आली आणि धोका कमी झाला. पुढे जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कायमचा काढून बाकीच्याची सदऱ्याच्या बाहीसारखी नळी ठेवण्याची ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया सर्वाधिक रूढ झाली. फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर दोहोंची दहा वर्षे तुलना झाली. तीत अतिरिक्त वजनातील घट स्लीव्हने शेकडा ४३.५ आणि बायपासने शेकडा ५०.७ अशी आढळली. हे अतिरिक्त वजनाचे आकडे आहेत, मूळ वजनाचे नव्हेत, हे आता निराळे सांगावयास नको.

या साऱ्या इतिहासाचा महाराष्ट्राशीही एक खराखुरा धागा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या पत्रात आपली दोघांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. दोघांचाही बीएमआय २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद शेकडा ९.१ आणि याज्ञिक यांच्या शरीरात शेकडा २१.२. सडसडीत दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगीही मेद लपलेला असू शकतो, हे त्या एका चित्राने जगाला पटविले. अमेरिकेत १९९१ मध्ये शस्त्रक्रियेसाठी बीएमआय ४०, आणि सोबत विकार असल्यास ३५, अशी मर्यादा ठरली होती. २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या दोन संस्थांनी ती सर्वांसाठी ३५ वर आणली, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा विचार व्हावा असे सांगितले. यातून आपल्याकडील रोग्याने एक गोष्ट जाणावी. ज्याचे मूळ वजनच ९० किलो आहे, त्याने दीडशे किलोच्या परदेशी माणसाचे पन्नास किलो उतरल्याची कथा ऐकून आपली आशा बांधू नये. त्याच्या वाट्यास पंचवीस-तीस किलोची घट आली, तरी ती मोठीच म्हणावी लागेल. आणि त्याच्या रक्तातील साखर व रक्तदाब यांची वार्ता काट्यापेक्षा अधिक मोलाची ठरेल.

२०२१ पासून वजनासाठी टोचून घेण्याची नवी औषधे प्रचारात आली आहेत. त्यांपैकी सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी शेकडा १५ च्या आसपास वजन उतरल्याचे दिसले. परंतु औषध थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले. पेन आणि डी विंड यांनी आतडे पूर्ववत जोडल्यावर जे पाहिले, त्याचीच ही साठ वर्षांनंतरची नवी आवृत्ती होय.

सारांश, ‘माझे वजन किती उतरेल?’ या प्रश्नाला आज वैद्य प्रामाणिक उत्तर देऊ शकतो. मूळ वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा कायमचा जाईल, अशी अपेक्षा बायपासकडून बाळगणे योग्य. अधिक गेल्यास ते भाग्य समजावे. पहिल्या दोन वर्षांतील तळ हा मुक्काम समजू नये. तेथून थोडे वर येणे ठरलेलेच आहे, आणि ते दिसताच वैद्याकडे जाण्यात कमीपणा नाही. १९५२ मध्ये गॉथेनबर्गच्या त्या पहिल्या रुग्णेचे वजन मनाजोगे उतरले नव्हते, पण अंगी हुशारी आली होती. तेव्हा ते अपयश वाटले. आज एखादी स्त्री ९० किलोच्या देहाने, गुडघा न धरता जिना चढून जात असेल आणि तिची साखर ताब्यात असेल, तर त्याला अपयश म्हणण्याचे धाडस कोणताही जाणता वैद्य करणार नाही. तिने स्वतःही ते करू नये.